आत ये म्हणायचं नाही

पिशोरात कुणाच्या पोटात कळ आली की डॉक्टरच्या आधी बन्सीचं नाव निघायचं. बन्सीला औषधपाणी कळत होतं अशातला भाग नाही. तो वाळूजच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं लेथ चालवत होता आणि लोखंडाशिवाय त्याला कशाचीच तब्येत समजत नव्हती. पण बजाजनगरात त्याच्या दोन खोल्या होत्या. गावाकडच्या माणसाला घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं तर रात्रीपुरतं टेकायला कुठंतरी जागा लागतेच. मग एक्स-रेचं पाकीट, पायलीभर ज्वारी आणि सोबतीला एक जावई, असं सगळं मिळून बन्सीच्या दारात उतरायचं. बन्सी दार उघडून म्हणायचा, "या, या! आजारी कोण हाय? का सगळेच?" पाहुणे हसायचे, आणि आत त्याची बायको आशाबाई परातीत आणखी दोन मुठी पीठ टाकायची.

कॉलनीत त्याच्या घराला पिशोरचं बसस्टँड म्हणायचे. बन्सीला ते आवडायचं. मोठेपणा कुणाला नको असतो? आणि चोवीस वर्षं एकाच मशीनपुढं उभ्या राहिलेल्या माणसाला तो जरा जास्तच लागतो.

दुसरा मोठेपणा गणपतीतला. मंडळाच्या नाटकात विनोदी काम बन्सीचंच. त्यामुळं घरमालक सदाशिवरावांची दमयंती सिनेमा काढायला निघाली, तेव्हा ती सरळ बन्सीकडं आली. दमयंती सव्वीस वर्षांची, कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची आणि सुटीच्या दिवशी मोबाइलवर पिक्चर बनवायची.

"बन्सीकाका, व्हँपायरची फिल्म आहे. दहाच मिनिटांची."

"म्हंजी हडळ?"

"हडळ नाही हो. हडळ कुठंही घुसते. हा प्रकार विलायती आहे. रक्त पितो, पण आपण 'आत या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही."

बन्सीनं जरा विचार केला. "लई सभ्य हाय की! तिकडं उपाशी मरत असंल बिचारा. आपल्याकडं धाड त्याला, आठ दिवसांत गुटगुटीत होतो का नाय बघ. दारात आलेल्याला आत ये न म्हणणारा माणूस मराठवाड्यात दाखव मला एक."

"तीच तर फिल्म आहे काका!" दमयंती खुर्चीच्या कडेला सरकली. "मेलेली आई मुलाच्या दारात येते. हाका मारते. आणि मुलानं 'ये' म्हणायचं नाही."

"आईला जाळली नव्हती का? मग आली कशानं?"

"पुरात वाहून गेली होती. सापडलीच नाही."

"हां, मग बरोबर हाय."

"ती बाहेरून हाका मारणार, तुम्ही ओ द्यायची नाही. उजाडेपर्यंत आत गप्प बसून राहायचं. ऊन पडलं की बाहेर तिची राख. शेवटी फक्त तुमचा चेहरा. एक शब्द नाही."

"मग मला कशाला घेतीस? मी गप बसल्याचं या कॉलनीत कुणी ऐकलंय का?"

"म्हणून तर घेतेय."

बन्सी हसला. ओट्याशी आशाबाई पोळ्या लाटत होती. "हाका मारणार, ओ द्यायची नाही" हे ऐकल्यावर तिचं लाटणं थांबलं होतं, ते अजून चालू झालं नव्हतं. बन्सीनं तिकडं पाहिलं नाही. ज्या गोष्टीकडं दोघांनी चार वर्षं पाहिलं नव्हतं, तिच्याकडं आज पाहायची गरज नव्हती.

ती गोष्ट अशी होती.

बन्सीची आई तो चार वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं ते सारजाबाईनं, त्याच्या आत्यानं. तिचा नवरा लग्नानंतर दीड वर्षात वारला आणि ती माहेरी पिशोरला परत आली, ती कायमचीच. भावाचं पोर तिनं पदरात घेतलं. बन्सी कन्नडला आयटीआयला होता, तेव्हा खोलीवर राहायचा. आत्या रोज पहाटे भाकरी थापायची, फडक्यात बांधायची आणि पहिल्या एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची. दोन वर्षांत कंडक्टर तीन बदलले, पण गाठोडं एकदाही चुकलं नाही. नव्या कंडक्टरला ती सांगायची, "माझा भाचा फाट्यावर उभा असंल. उंच हाय, सारखा बडबडत असतो. त्यालाच द्या."

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला एक दिवस. त्या आठवड्यात बन्सीकडं तीन घरची माणसं येऊन गेली होती. मुतखडा, हर्निया आणि एक बाळंतपण. हर्नियावाले त्याच दिवशी सकाळी गेले. बन्सी रात्रपाळी करून आलेला. आशाबाईनं सतरंज्या धुऊन वाळत टाकल्या होत्या. आज तरी पाय पसरून झोपू, एवढाच दोघांचा बेत. दुपारी बाराच्या सुमाराला कडी वाजली.

"बन्सी! ए बन्सी! मी हाय रं."

आशाबाई उठायला लागली. बन्सीनं ओठावर बोट ठेवलं. का ठेवलं, हे त्यानं नंतर स्वतःला फार वेळा विचारलं. आत्याचा राग नव्हता, तिचा कंटाळा तर नव्हताच. अंग दुखत होतं, एवढंच. त्याला वाटलं, दोन हाका मारील, शेजारी चौकशी करील, तिथं पाणीबिणी पिऊन तासाभरानं परत येईल. तेव्हा आपण ताजेतवाने असू, दणक्यात स्वागत करू.

त्यानं पंख्याचं बटणसुद्धा बंद केलं, आवाज नको म्हणून.

पण शेजारी कुलूप होतं. आत्यानं आणखी पाच-सहा हाका मारल्या आणि ती पायरीवर बसली. दाराच्या फटीतून तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. आत दोन माणसं घामानं निथळत बसली होती, बाहेर एक म्हातारी उन्हात. तास झाला. आता दार उघडावं तर तासभर काय करत होतो म्हणून सांगणार? जितका वेळ गेला तितकं दार जड होत गेलं. मग पायरीवर काहीतरी हललं. बन्सीनं खिडकीच्या कोपऱ्यातून पाहिलं. आत्या पिशवी घेऊन रस्त्यानं चालली होती. अजून पंधरा पावलांवरच होती. एक हाक पुरली असती.

तो झोपला. खरंच झोपला, आणि हेच त्याला पुढं सगळ्यात टोचत राहिलं.

आत्या कशाला आली होती ते दिवाळीत समजलं. गावात डोळे तपासायचं शिबिर झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, काचबिंदू वाटतोय, शहरात लगेच दाखवा. ती दाखवायला आली होती. परत गेली, मग पेरणी आली, मग खुरपणी, मग दसरा. दिवाळीनंतर पुन्हा दाखवलं तोवर डावा डोळा गेलेला होता. उजव्याला औषध सुरू झालं.

गावात कुणी म्हणालं, "भाचा शहरात असून असं कसं वो?" तर सारजाबाई त्याच्यावरच उखडायची. "बन्सी घरी नव्हता त्या दिवशी. असता तर त्यानं पाठीवर घालून नेली असती मला." हे तिनं इतक्या जणांना, इतक्या ठसक्यात सांगितलं की गावात बन्सीचं नाव आणखीच मोठं झालं. बन्सी पिशोरला गेला की लोक हळहळायचे, "बघ ना, नेमका तू नव्हतास." बन्सी मान हलवायचा. त्या मान हलवण्याइतकं वाईट काम त्यानं गणपतीतल्या कुठल्याही नाटकात केलं नव्हतं.

त्यानंतर आत्या बजाजनगरला कधी आली नाही. उजव्या डोळ्याच्या तपासणीला ती कन्नडला जायची. बन्सी म्हणायचा, "आत्या, ये ना घरी," आणि ती म्हणायची, "येईन की, सवड व्हऊ दे." एकच गोष्ट बन्सीला धरून ठेवत होती. तिला माहीत नव्हतं. ती खरंच समजत होती की बन्सी घरी नव्हता.

शूटिंग रविवारी ठेवलं. सिनेमात रात्र होती, पण दमयंतीच्या वडिलांनी पोरीला रात्री बाहेर राहायची परवानगी दिली नव्हती. त्यामुळं सकाळी अकरा वाजता बन्सीच्या घरात रात्र करायचं ठरलं. खिडक्यांना काळं प्लास्टिक ठोकलं, दारापुढं ताडपत्री ताणली. भूत म्हणून कॉलनीतल्या वच्छलाबाई. वय सदुसष्ट, अभिनयाची हौस लग्नाआधीपासूनची. त्यांची खरी कवळी काढून सुळेवाली कवळी बसवायची होती. रक्त म्हणून बिटाचा रस आणि गुळाचा पाक. मेकअप होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच भुताला मुंग्या लागल्या.

"दमे, लवकर कर बाई," वच्छलाबाई सुळ्यांमधून म्हणाल्या. "मी रक्त प्यायच्या आधी ह्या मलाच खातील."

बन्सीला हसू आवरेना. दमयंतीनं आधी बाहेरचे शॉट घ्यायला घेतले. दाराकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुमचे कंपनीचे बूट कुठायत?"

"हे काय, आत ठेवले उचलून. शूटिंगला घाण नको दिसायला."

"नाही, नाही. बाहेर ठेवा. रोज जिथं काढता तिथंच. आणि ती चप्पल पण." ती समजावून सांगायला लागली. "भूत आधी बूट बघेल, मग हाक मारेल. बूट दिसले म्हणजे माणूस घरात आहे. कुणालाही कळतं. तिला माहीत आहे तुम्ही आत आहात, आणि तरी ती हाका मारतेय, वाट बघतेय. त्यातच तर खरी भीती आहे ना?"

बन्सीनं बूट आणले. काळे, पुढं लोखंडी टोपी असलेले, टाचेवर पांढऱ्या रंगानं टोकन नंबर घातलेला. पायरीच्या डाव्या बाजूला ठेवले, शेजारी चप्पल ठेवली. चोवीस वर्षं हीच जागा. रात्रपाळीहून आलं की इथंच बसायचं, नाड्या सोडायच्या, बूट ठेवायचे आणि अनवाणी आत जायचं. त्या दिवशीही...

त्याचा हात बुटावरच राहिला.

त्या दिवशीही रात्रपाळीच होती.

"काका? झालं का?"

"झालं," बन्सी म्हणाला.

पायरीवर तासभर बसलेल्या बाईच्या उजव्या हाताशी हे बूट होते. तेव्हा तिचे दोन्ही डोळे बरे होते. बरे नव्हते, पण बूट दिसण्याइतके होते.

दमयंतीनं बाहेरचे शॉट घेतले. वच्छलाबाईंनी बुटांकडं असं काही पाहिलं की दमयंती खूश झाली. मग उकाडा सहन होईना म्हणून त्यांनी ताडपत्री सोडून गुंडाळायला लावली. पुढचा शॉट आतला होता, दार बंदच राहणार होतं, त्यामुळं बाहेर ऊन असलं तरी चालणार होतं. बन्सी जमिनीवर भिंतीला टेकून बसला. पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. आशाबाई कॅमेऱ्यामागं ओट्याला चिकटून उभी. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"ॲक्शन."

कडी वाजली. बाहेरून वच्छलाबाईंचा आवाज आला, कवळीमुळं जरा बोबडा. "बाळा... ए बाळा... मी आलेय रे..."

बन्सी गप्प बसला. दमयंती कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवत होती. फार छान. घाम खरा, श्वास खरा. दुसरी हाक. तिसरी. "बाळा, दार उघड ना रे..."

बन्सी उठला.

उठायचं नव्हतं. दमयंतीनं हात हलवून खाली बसायची खूण केली, ती त्याला दिसलीच नाही. त्यानं कडी काढली, दार सताड उघडलं. बाराचं ऊन धाडकन घरात आलं, आणि त्या पांढऱ्या उजेडात दारात म्हातारीची काळी आकृती तेवढी उभी.

"ये आत्या," बन्सी म्हणाला. "ये आत. ऊन लागतंय तुला."

मग वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊजी, उघडायचं नव्हतं ना?"

"कट!" दमयंती ओरडली. "काका, अहो काय हे! आणि आत्या कुठून आली? आई आहे ती, आई!"

"चुकलं," बन्सी म्हणाला. "पाठीत चमक भरली. आज राहू दे."

संध्याकाळी सामान गेल्यावर घरात आशाबाईच्या भांड्यांचा तेवढा आवाज होता. बन्सी म्हणाला, "आशे, त्या दिवशी माझे बूट बाहेर व्हते."

"व्हय."

"तुला माहीत व्हतं?"

"ती गेल्यावर पायरी झाडायला गेले, तव्हा दिसले. तुमच्यासारखे वाकडेतिकडे काढलेले नव्हते. सरळ करून, भिंतीला लावून ठिवले व्हते. वरची धूळ बी पुसलेली."

"मग सांगितलं का नाय?"

"सांगून काय करणार व्हता? चार वर्सं झोपला तरी असता का?" तिनं तवा उपडा घातला. "अन् मी तरी कुठं उठून दार उघडलं?"

दमयंतीनं दुसऱ्या रविवारी पुन्हा बोलावलंच नाही. तिनं तो बिघडलेला शॉट लॅपटॉपवर पाहिला होता आणि तिला तोच हवासा झाला होता. रक्त पिणारी बाई उन्हात जळेल म्हणून तिला घरात घेणारा माणूस! असा शेवट तिला स्वतःला आयुष्यात सुचला नसता. "आई"चं तिनं सगळीकडं "आत्या" करून घेतलं, वच्छलाबाईंचा शेवटचा प्रश्न कापला, आणि सिनेमा फोनवर सोडून दिला. कॉलनीत टाळ्या पडल्या. "बन्सीभाऊ, तुम्ही तर भुताला बी पाहुणचार केला!" कंपनीच्या कँटीनमध्ये पोरं उठून म्हणायची, "ये आत्या, ऊन लागतंय." बन्सी हसायचा. इतका हसायचा की गालफडं दुखायची.

तीन दिवसांत सिनेमा पिशोरला पोचला.

त्या शनिवारी बन्सी गाडीत बसला. वाटेत त्यानं बोलायची तयारी केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलायची तयारी करावी लागत होती.

सारजाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. त्याला पाहून म्हणाली, "आला का सिनेमावाला! द्वारकाबाईच्या सुनेच्या फोनवर दाखवला मला. लई बारीक दिसत व्हतं, पण आवाज वळखला. बस. च्या टाकते."

"च्या नको आत्या. तू बस." तो तिच्या उजव्या बाजूला सरकून बसला, दिसावं म्हणून. "आत्या, त्या दिवशी मी घरी व्हतो."

सारजाबाईनं एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"कोणत्या दिवशी?"

"तुला माहितीय. तू बूट पाहिले व्हते."

"बुटाचं काय. मला वाटलं, चप्पल घालून गेला असशील कुठं."

तिनं ते निमित्त इतकं सहज त्याच्या पुढ्यात ठेवलं. चार वर्षं गावाला देत आली तसंच आज त्यालाही देत होती. उचललं की झालं. बन्सीचा हात जवळजवळ गेलाच होता.

"चप्पल बी तिथंच व्हती," तो म्हणाला. "मी आत व्हतो. तुझ्या हाका ऐकल्या. खिडकीतनं तुला जाताना बी पाहिलं."

सारजाबाईनं सूप खाली ठेवलं. तिचा एक डोळा त्याच्याकडं होता, दुसरा कुठंच नव्हता.

"का रं?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

बन्सीनं तोंड उघडलं. हर्निया, रात्रपाळी, सतरंज्या, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. "काय नाय," तो म्हणाला. "दमलो व्हतो."

"हं," ती म्हणाली. "आता हे सांगितलंस ते सांगितलंस. गावात बोलू नको कुणाला. चार वर्सं मी ज्याला त्याला सांगत फिरले, बन्सी घरी नव्हता म्हणून. ह्या वयात मला खोटं पाडू नको."

"आत्या..."

"पाडू नको म्हणते ना."

म्हणजे तेही नाही. चारचौघांत मान खाली घालायची सोयसुद्धा तिनं ठेवली नाही. एखादी थोबाडीत बसली असती तर बन्सीनं ती आनंदानं गावभर मिरवली असती.

"मग एवढं तरी ऐक," तो म्हणाला. "सोमवारी माझ्यासंगं चल. उजवा डोळा शहरात मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी सुटी टाकतो."

"येईन," ती म्हणाली. या खेपेला "सवड व्हऊ दे" म्हणाली नाही. "सोमवारी नाय, हरभरा काढायचाय. पुढच्या आठवड्यात येईन माझी मी. आधी फोन करीन."

बन्सीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. या बाईनं उभ्या जन्मात कुणाच्या घरी जाताना खाकरलंसुद्धा नव्हतं. पिशोरातल्या अर्ध्या घरांत ती चुलीपर्यंत जाऊन मग विचारायची, कोण हाय का घरात.

तेवढ्यात द्वारकाबाई कुंपणाच्या फटीतून आत आल्या, शेजारच्याच. "आले का आमचे हिरो! लई चांगलं काम केलंस बाबा. मी सुनेला म्हणलं, त्याला काय नाटक करायचंय? तो हायेच तसा. भूत काय अन् माणूस काय, दारातनं कुणाला माघारी धाडायचा नाय." मग त्यांच्या कानावर पडलेलं त्यांना आठवलं. "अन् सारजाबाई, भाच्याच्या घरी जायला फोन कशाला वो करायचा?"

"आता तो सिनेमावाला झालाय," सारजाबाई म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "नसंल घरी. असंल कुठंतरी शूटिंगला."

द्वारकाबाई खूप हसल्या. बन्सीनं एक शेंग उचलली आणि ती फोडायला त्याला बराच वेळ लागला.